ज्वालामुखीचे देणे

सुराबाया हे इंडोनेशियातील पूर्व जावाचे मुख्य शहर आणि जुने बंदर. ब्रांतास नदीची काली मास ही शाखा मादुरा सामुद्रधुनीला मिळते त्या मुखाशी ते वसले आहे. मोठी जहाजे तांजुंग पेराक बंदरात लागतात. काली मासच्या जुन्या धक्क्यावर बेटाबेटांत माल नेणारी लाकडी गलबते अजूनही दिसतात. शहराच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला ज्वालामुखींची रांग आहे: पनांगुंगान, वेलिरांग, अर्जुनो, पलीकडे ब्रोमो आणि सर्वांमागे सेमेरू. बंदर पाहायला आलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रोमोचा सूर्योदय पाहायला निघतो आणि दोन वेगळी स्थळे पाहिल्याचे समाधान घेऊन परततो. प्रत्यक्षात ही दोन्ही स्थळे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. जी शक्ती अन्न देते तीच घर गाडत असेल, तर माणसाने तिच्याशी नाते कसे ठेवायचे, हा तो प्रश्न.

प्रश्नाचा उगम अगदी भौतिक आहे. ब्रांतास अर्जुनोच्या उतारांवर उगम पावते, कावी आणि केलुद या पर्वतांना वळसा घालते आणि सुमारे ३२० किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. वाटेत ती ज्वालामुखींची राख खाली आणते. या राखेमुळे खोऱ्यातली भातशेती जगातल्या सुपीक शेतींत गणली जाते. त्याच राखेच्या गाळाने नदीचे पात्र उथळ होते, पूर येतात आणि मुखाशी किनारा पुढे सरकत राहतो. राजा ऐरलंगाच्या १०३७ सालच्या कमलग्यान शिलालेखात नदीचा बांध फुटून गावे बुडाल्याची, सारा बुडाल्याची आणि राजाने वारिंगिन सप्त येथे धरण बांधल्याची नोंद आहे. त्यानंतर हुजुंग गालुह बंदराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांना पुन्हा आनंद झाला, असेही त्यात नमूद आहे. हे बंदर सुराबायाच्याच परिसरात होते की नदीच्या वरच्या अंगाला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र लेखाचा विषय स्पष्ट आहे. पर्वताने दिलेल्या देणगीचा हिशेब राजालाही ठेवावा लागत होता.

बंदरावर धर्म जहाजांतून आले, आणि प्रत्येकाने आपापले पवित्र स्थळ मागे ठेवले. त्यांतले सर्वांत जुने शहराच्या मध्यभागी, आप्सारी उद्यानात, एका झाडाखाली बसलेले आहे. ही अक्षोभ्य बुद्धाची दगडी मूर्ती असून लोक तिला जोको दोलोग म्हणतात. डच काळात ती दुसरीकडून इथे आणली गेली. तिच्या बैठकीवर शके १२११, म्हणजे इ. स. १२८९ चा संस्कृत लेख आहे. महाराष्ट्रातल्या ताम्रपटांवर आणि पंचांगांत जो शक आहे तोच इथेही वापरला आहे. लेखानुसार ही प्रतिमा सिंगासारीचा राजा कृतनगर याची आहे आणि तो येथे अक्षोभ्याच्या रूपात प्रतिष्ठित आहे. भराड नावाच्या सिद्धाने पूर्वी अभिमंत्रित पाण्याने जावाचे दोन भाग केले होते, ते या राजाच्या वडिलांनी पुन्हा जोडले, असेही लेख सांगतो. राजा बुद्धही होता आणि शिवभक्तही, आणि यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. आज या मूर्तीसमोर उदबत्ती लावून फुले वाहणाऱ्यांत बौद्ध थोडेच असतात. मुसलमान जावानीज तिथे येतात, काही मागतात आणि निघून जातात.

शहराच्या उत्तरेला अरब वस्तीत सुनान आंपेल यांची मशीद आणि कबर आहे. जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ संतांना वली सोंगो म्हणतात. त्यांच्यापैकी पाचांच्या कबरी पूर्व जावात आहेत, आणि शेजारच्या ग्रेसिक बंदरातल्या मलिक इब्राहिम यांच्या कबरीवर १४१९ सालचा लेख आहे. तो दगड घडवणीवरून गुजरातमधल्या खंबायतचा मानला जातो. नऊही कबरींची यात्रा करणाऱ्या बसगाड्या वर्षभर धावत असतात. यात्रेकरू कबरीशेजारी बसून कुराणातल्या आयती म्हणतात आणि आवारातल्या विहिरीचे पाणी पितात.

या यात्रेवरून मुसलमानांतच मोठा वाद झाला, आणि त्याचे एक केंद्र हेच शहर होते. कबरीपाशी मागणे हा शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणे, असे सुधारकांचे म्हणणे होते. अरबस्तानात हिजाझ प्रांत सौदींच्या हाती गेला तेव्हा तिथल्या जुन्या कबरी आणि प्रथा संकटात आल्या. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या जावातल्या उलेमांनी ३१ जानेवारी १९२६ रोजी सुराबायात नहदलातुल उलमा ही संघटना स्थापन केली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी आहे. तिची भूमिका थोडक्यात अशी की देणारा अल्लाहच आहे. संताजवळ जाणे म्हणजे त्याच्या पुण्याईचा आधार घेणे. स्थळ पवित्र का आहे, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर आहे, स्थळाशी जडलेल्या नात्यामुळे. डोंगरावरचे उत्तर याहून फार वेगळे नाही, हे पुढे दिसेल.

पर्वताला पवित्र मानणारी जावातली सर्वांत धिटाईची कथा ‘तंतु पंगेलारान’ या जुन्या जावानीज गद्यग्रंथात आहे. कथेत सुरुवातीला जावा बेट समुद्रात डुलत असते, त्याला स्थैर्य नसते. भटार गुरू, म्हणजे शिव, देवांना जंबुद्वीपातला महामेरू उचलून आणायला सांगतो. एक देव कासव होतो, दुसरा नाग, आणि समुद्रमंथनाची सगळी सामग्री घेऊन देव पर्वत वाहून आणतात. आधी तो पश्चिमेला टेकवतात तर बेट कलते. मग पूर्वेकडे नेताना वाटेत तुकडे गळतात आणि त्यांतून लावू, विलिस, केलुद, कावी, अर्जुनो असे डोंगर होतात. उरलेला पर्वत म्हणजे सेमेरू, आणि त्याचे शिखर म्हणजे ‘पवित्र’ नावाचा डोंगर, आजचा पनांगुंगान.

पुराणांत मेरू विश्वाचा आस आहे. जो आस आहे तो हलवता येतो, हे मान्य केले तर विश्वाचे केंद्र कुठेही असू शकते. पैठणला दक्षिण काशी आणि गोदावरीला दक्षिण गंगा म्हणणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही, पण एक फरक आहे. पैठण दक्षिण काशी झाली म्हणून मूळ काशी गंगाकाठावरून हलत नाही. जावाच्या कथेत मूळ पर्वतच उचलला गेला. जंबुद्वीपात काय उरले याची कथेला चिंता नाही. आणि तिथेही प्रवास थांबला नाही. बालीतल्या परंपरेत हाच पर्वत आणखी पूर्वेला जाऊन आगुंग बनतो. पवित्रता जिथे पूजा करणारे जातात तिथे जाते, असा याचा साधा अर्थ निघू शकतो. पण कथेचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. पर्वत माणसांच्या सोयीसाठी आणलेला नाही, बेट बुडू नये म्हणून खिळ्यासारखा ठोकला आहे. ज्या भूमीवर माणूस उभा आहे ती भूमीच त्या पर्वतामुळे टिकून आहे. म्हणजे माणूस पर्वताचा ऋणी जन्मापासूनच आहे, भक्त नंतर होतो.

पनांगुंगान फक्त १,६५३ मीटर उंच आहे, पण त्याच्या मुख्य शिखराभोवती लहान शिखरे अशी उभी आहेत की मेरूच्या चित्राशी त्याचा आकार जुळतो. बहुधा याच आकारामुळे त्याला शिखराचा मान मिळाला असावा. त्याच्या उतारांवर शंभरच्या आसपास प्राचीन अवशेष सापडले आहेत, बहुतेक पायऱ्यापायऱ्यांचे छोटे चौथरे. पश्चिम उतारावरच्या जलतुंड या स्नानकुंडावर शके ८९९, म्हणजे ९७७ हे साल कोरलेले आहे. पूर्वेकडच्या बेलाहान कुंडात देवींच्या मूर्तींतून पाणी पडते. दोन्ही ठिकाणी पाणी हेच मुख्य दैवत. मंथनातून निघालेले अमृत आणि डोंगरातून झिरपणारे झऱ्याचे पाणी यांत पूजकाने भेद केला नाही, आणि खाली भातशेती करणाऱ्याला तो करण्याचे कारणही नव्हते.

सुराबायाहून पनांगुंगानकडे जाताना वाटेत सिदोआर्जो जिल्हा लागतो. तिथे २९ मे २००६ रोजी जमिनीतून गरम चिखल उसळू लागला आणि वर्षानुवर्षे थांबला नाही. अनेक गावे त्याखाली गेली. दोन दिवस आधी योग्यकर्ताजवळ मोठा भूकंप झाला होता, आणि चिखल उसळला त्या जागेजवळ वायूसाठी विहीर खोदली जात होती. कारण कोणते, यावर भूशास्त्रज्ञांचे दोन तट पडले, आणि बहुसंख्यांचा कल खोदकामाकडे आहे. वाद शास्त्रीय असला तरी त्यात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला होता. आपत्ती निसर्गाची ठरली तर कोणी देणेकरी राहत नाही. माणसाची ठरली तर भरपाई द्यावी लागते. ज्वालामुखीच्या उतारांवरच्या लोकांनी ही वाटणी कधी मान्य केली नव्हती. त्यांच्या दृष्टीने निसर्गाच्या आपत्तीतही देणे असतेच, फक्त ते उलट दिशेने असते.

या विचाराचे सर्वांत ठळक रूप ब्रोमोवर दिसते. सुमारे दहा किलोमीटर रुंदीच्या एका जुन्या विवराच्या तळाशी काळ्या वाळूचे मैदान पसरले आहे, आणि त्यात २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो धुमसत असतो. त्याचे नाव ब्रह्मदेवावरून आले आहे. जावा आणि बालीत ब्रह्मा अग्नीचा देव आहे, म्हणून भारतात जवळपास पूजेबाहेर गेलेला देव इथे धगधगता आहे. मजापहित साम्राज्याच्या काळातल्या, धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या एका सनदेत या भागातल्या वलंडित गावाला सारामाफी दिली आहे, कारण तिथले लोक देवाचे सेवक होते आणि पर्वताची पूजा त्यांच्याकडे होती. विवराभोवतीच्या गावांत टेंगर लोक राहतात. बटाटे, कोबी, कांद्याची पात पिकवणारे हे शेतकरी खालचा सगळा मुलूख मुसलमान झाल्यावरही आपल्या जुन्या विधींना धरून राहिले.

त्यांची मूळकथा रारा आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याची आहे. मूल होत नव्हते म्हणून त्यांनी पर्वताला नवस केला: मुले दे, शेवटचे तुला देऊ. पंचवीस मुले झाली. शेवटचा कुसुम मोठा होत गेला तसा आईबापांचा हात मागे येत गेला. मग पर्वत खवळला आणि कुसुम ज्वाळेत गेला. विवरातून त्याचा आवाज आला की भावंडांनी सुखाने राहावे, आणि दर वर्षी कसाडा महिन्याच्या चतुर्दशीला शेतात पिकलेले त्याला आणून द्यावे. कसाडा हा टेंगर पंचांगातला बारावा महिना. त्या रात्री गावागावांतून माणसे भाज्या, धान्य, फळे, कोंबड्या, बकऱ्या घेऊन वाळूचे मैदान ओलांडतात, पायथ्याच्या पुरा लुहुर पोतेन मंदिरात विधी करतात आणि पहाटे विवराच्या काठावरून सगळे आत टाकतात.

कथेत एक गोष्ट नाही, आणि तिचे नसणे बोलके आहे. कोणी पापी नाही. आईबापांनी नवस मोडला, पण कोणता बाप मोडणार नाही? पर्वत शिक्षा करत नाही; कबूल केलेले वसूल करतो. वेदान्तातल्या ‘वैषम्य-नैर्घृण्य’ या आक्षेपाशी ही कथा ताडून पाहण्यासारखी आहे. जगात इतकी विषमता आणि क्रूरता असताना ईश्वराला पक्षपाती आणि निर्दय का म्हणू नये, असा तो आक्षेप. ब्रह्मसूत्रांचे उत्तर कर्माचे आहे: ईश्वर प्रत्येकाच्या कर्माला धरून फळ देतो, म्हणून दोष त्याचा नाही. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण राखेखाली गेलेल्या लहान मुलाच्या आईला ते सांगावे लागते तेव्हा त्यातला कोरडेपणा जाणवतो. टेंगर कथा ईश्वराला निर्दोष ठरवण्याचा खटाटोपच करत नाही. तिच्यातला पर्वत चांगला किंवा वाईट नाही, तो व्यवहारातला दुसरा पक्ष आहे. शिवाय ज्याला अर्पण पोहोचते तो मुळात देवही नाही, घरातलाच धाकटा भाऊ आहे. शिक्षा करणाऱ्या देवाची भीती आणि गेलेल्या भावाची माया एकाच विवरात ठेवणे, ही या कथेची खरी बुद्धी.

विवराच्या आतल्या उतारावर त्या पहाटे आणखी माणसे उभी असतात. त्यांच्या हातांत काठ्यांना बांधलेली जाळी असतात, आणि वरून पडणारी कोंबडी, नाणी, भाजी ती वरच्यावर झेलतात. काही खालच्या गावांतले मुसलमान असतात, काही टेंगरच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विटंबनेसारखे वाटते. टाकणाऱ्यांना तसे वाटत नाही. इथे पूर्वमीमांसेची एक जुनी चर्चा उपयोगी पडते, जरी टेंगर पुरोहितांचा तिच्याशी संबंध नाही. मीमांसक याग म्हणजे देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग असे मानतात. देवतेला शरीर असते, ती येऊन हवि खाते आणि खूश होऊन फळ देते, हे मत शबरस्वामींनी आपल्या भाष्यात खोडून काढले आहे. फळ त्यागाच्या कृतीतून येते. ‘इदं न मम’ म्हणून हात सुटला की यजमानाचे काम संपले. पुढे ते द्रव्य आगीत जळते की कोणाच्या जाळ्यात पडते, याने त्यागात काही उणे होत नाही. भक्तीच्या दृष्टीने पाहिले तर हे पटणे कठीण आहे, कारण तिथे देव घेतो की नाही हाच सारा प्रश्न असतो. पण फेडीच्या दृष्टीने पाहिले तर ते सहज पटते. कर्ज फेडताना पैसे मोजून देणे आपले काम. सावकार ते कोठे ठेवतो याची चौकशी ऋणको करत नाही. काठावरची माणसे हसतमुखाने टाकतात आणि खालची हसतमुखाने झेलतात, याचे कारण इतकेच असावे.

या सगळ्याला धर्म म्हणायचे का, हा प्रश्न इंडोनेशियाच्या राज्यव्यवस्थेने उभा केला. १९४५ च्या पंचशील या राज्यतत्त्वांतले पहिले तत्त्व एकमेव परमेश्वरावरील श्रद्धेचे आहे. पुढे धर्म खात्याने कोणत्या परंपरेला ‘आगामा’, म्हणजे धर्म, मानायचे आणि कोणत्या परंपरेला नुसता रिवाज, याची रेषा आखली. एक देव, एक ग्रंथ, एक प्रेषित अशा साच्यात बसणाऱ्यांना जागा मिळाली. बालीच्या हिंदूंनाही सांग ह्यांग विधी या परमेश्वराची संकल्पना पुढे मांडून मान्यता मिळवावी लागली. १९६५ च्या अध्यक्षीय आदेशात सहा धर्मांची नावे आहेत, त्यांत हिंदू धर्म आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या कम्युनिस्टांच्या हत्याकांडानंतर ज्याच्याकडे नोंदलेला धर्म नाही तो नास्तिक, आणि नास्तिक तो कम्युनिस्ट, अशी समजूत पसरली. ओळखपत्रावरचा धर्माचा रकाना जीवनमरणाचा झाला.

टेंगर लोक आपल्या परंपरेला ‘बुदा’ म्हणत. हा बौद्ध धर्म नव्हे. मजापहितच्या इस्लामपूर्व शिव-बुद्ध परंपरेचे ते नाव होते. त्यांच्यात जातिव्यवस्था नव्हती, मोठी देवळे नव्हती, ब्राह्मण नव्हते. गावोगावचा दुकुन पंडित मंत्र पाठ करून विधी करी, आणि आजही करतो. तीर्थाचे पाणी ठेवायला राशिचक्र कोरलेली चौदाव्या शतकातली कांस्यपात्रे त्यांच्याकडे आहेत. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेफनर यांनी १९८५ च्या ‘हिंदू जावानीज’ या पुस्तकात दाखवले की या पुरोहितांचे मंत्र बालीतल्या भुजंग पुरोहितांच्या शैव विधींशी थेट नाते सांगतात. म्हणजे नोंदणीसाठी जी ओळख १९७० च्या दशकात घेतली गेली ती उसनी नव्हती. फक्त तिचे नाव नवे होते. पण नावाबरोबर बालीच्या धाटणीचे देऊळ, बालीची त्रिसंध्या आणि शाळेतले हिंदू धर्माचे पाठ्यपुस्तकही आले. कुसुमाला भेटायला विवरावर जाणाऱ्या शेतकऱ्याला आता आपला विधी परमेश्वराच्या चौकटीत समजावून सांगावा लागतो. तो सांगतोही, आणि मग जसे आजा करत होता तसेच करतो. कसाडाच्या रात्री नव्या पुरोहितांची परीक्षा होते. उमेदवाराने मंत्र न अडखळता म्हणून दाखवायचे असतात. त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारला जात नाही.

७ नोव्हेंबर २०१७ रोजी इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने पारंपरिक श्रद्धाही ओळखपत्रावर नोंदता येतील असा निर्णय दिला. टेंगर मात्र हिंदूच राहिले. नोंदणीने जे संरक्षण मिळाले होते ते सोडण्याचे त्यांना कारण नव्हते.

सेमेरूच्या पूर्व उतारावर लुमाजांग जिल्ह्यात सेंदुरो येथे पुरा मंदार गिरी सेमेरू आगुंग हे मोठे मंदिर १९९२ साली प्रतिष्ठित झाले. बालीचे हिंदू त्याआधीपासून सेमेरूचे तीर्थ नेत असत. १९६३ मध्ये बालीतल्या बेसाकीह मंदिराच्या एकादश रुद्र यज्ञासाठीही ते नेले होते. त्याच यज्ञाच्या काळात आगुंगचा उद्रेक झाला, हजाराहून अधिक माणसे मेली. यज्ञ चुकीच्या वेळी झाला, असे अनेकांनी म्हटले, आणि १९७९ मध्ये तो पुन्हा केला. यज्ञ सोडून देण्याचा विचार पुढे आला नाही. व्यवहार बिघडला तर तो नीट करायचा, मोडायचा नाही, ही त्यामागची धारणा.

सेमेरू ३,६७६ मीटर उंच, जावातला सर्वांत उंच पर्वत. ४ डिसेंबर २०२१ रोजी मुसळधार पावसाने शिखराजवळच्या लाव्हाच्या घुमटाचा भाग ढासळला, आणि तप्त राखेचा लोट चुराह कोबोकान दरीतून खाली आला. पन्नासहून अधिक माणसे मेली. बहुतेक मुसलमान होती, कारण त्या गावांतली वस्ती तशी आहे. त्यांच्यातही पर्वताच्या नावाने स्लामेतान, म्हणजे एकत्र जेवण घालून केलेली प्रार्थना, चालते, आणि देणारा अल्लाहच असे म्हणूनही ती चालते. शासनाने सुंबरमुजूर येथे नवी घरे बांधून दिली. दरीतली वाळू बांधकामाला उत्तम म्हणून सगळ्या पूर्व जावात जाते. तिच्या खाणी आणि जुनी शेती त्याच दरीत आहेत, त्यामुळे नव्या घरांत राहणारे बरेच जण कामासाठी पुन्हा तिथेच जातात.